उलटा शहादेव

मी एक पुस्तक बोलतोय. शिकारीचं आणि मासेमारीचं पुस्तक. हिरव्या कापडाची बांधणी, पाठीवर सोनेरी मासा. हैदराबादेत एका नवाबसाहेबांच्या कुतुबखान्यात, म्हणजे ग्रंथसंग्रहात, काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. जाणकार मंडळी मला बघायला येतात, रुमालाला हात पुसतात, मला उचलतात आणि सरळ एकाच पानाशी जातात. त्या पानावरचा फोटो दिसला की त्यांचे डोळे चमकतात. "उलटाच आहे!" असं म्हणून एकमेकांना टाळी देतात आणि मला परत कपाटात ठेवतात.

त्या फोटोत एक माणूस उभा आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी मात्र त्याच्यापासून अजून सुटलेलो नाही. पावसाळ्यात गंगेला पूर आला की इथे, इतक्या लांब, माझं तेवढंच पान दमट होतं. मागचं कोरडं, पुढचं कोरडं, ते एकच ओलं. कुतुबखान्याचा नोकर मला उन्हात धरतो आणि छताकडे बघून गळका कोपरा शोधत बसतो. छत कुठेच गळत नाही.

गंगा म्हणजे आमची गोदावरी. बीड जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, राक्षसभुवनच्या खाली जी गावं आहेत, तिथे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही. तिथल्याच एका गावात माझी खरी हयात गेली. जन्म मात्र विलायतेचा.

विल्मट नावाचा एक साहेब निजामाच्या मुलखात बरीच वर्षं नोकरीला होता. बालाघाटाच्या डोंगरात त्याने बिबटे मारले, माळावर काळवीट मारले आणि गंगेच्या डोहात मासे धरले. मायदेशी परतायच्या आधी त्याने ते सगळं लिहून काढलं आणि लंडनच्या एका छापखान्याकडे पाठवलं. एकोणीसशे अकरा साली मी तिथे छापून बाहेर पडलो. कोऱ्या कागदाचा वास, अंगावर सोन्याचं पाणी. मला तेव्हा फार गर्व होता.

त्या काळी फोटो काचेवर निघत. काचेची कुठली बाजू कुठे करायची हे पाहणारा कारागीर त्या दिवशी घाईत होता की पेंगत होता, देव जाणे. माझ्यातला तो गंगेकाठचा फोटो उलटा छापला गेला. डोकं खाली, पाय वर असा उलटा नव्हे. डावं ते उजवं झालं आणि उजवं ते डावं. छापखान्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? शहादेव भोयाचा कुठला हात कसा होता, हे लंडनात कुणाला ठाऊक?

फोटो असा आहे. वेळूला एक भलामोठा खडस मासा टांगलाय, शेपूट जमिनीला लागतंय. वेळूचं एक टोक झाडाच्या बेचक्यात आहे, दुसरं शहादेवच्या खांद्यावर. मध्ये साहेब, हातात गळाची काठी घेऊन. मागे बाभळीच्या सावलीत गावचे सुंदरराव देशमुख, फेटा बांधून. साहेब त्यांच्याच गढीत उतरत असे. फोटोखाली साहेबाचं नाव आहे, सुंदररावांचं नाव आहे, माशाचं वजन आहे आणि शेवटी 'एक नावाडी' इतकंच. माझ्या एवढ्या पानांत माशांची वजनं पावशेरापर्यंत लिहिली आहेत, पण ज्याने त्यांचे डोह दाखवले त्याचं नाव कुठेच नाही. हे मला तेव्हाही लागलं होतं, आता जास्त लागतं.

साहेबाने सुंदररावांना भेट म्हणून पाठवलेला मी गावात पोचलो, तेव्हा शहादेव गावात नव्हता. फोटो काढल्यानंतरच्या पावसाळ्यात गंगेला पूर आला, आणि होडी सुटू नये म्हणून तो दोर धरायला गेला. होडी दुसऱ्या दिवशी खालच्या गावाला पालथी सापडली. शहादेव सापडला नाही. जिवंत नाही आणि मेलेलाही नाही.

त्याची बायको भिवराबाई. अंग सापडलं नाही, तर बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी तिकडची रीत. तोवर बाईने कुंकू लावायचं, बांगड्या घालायच्या, जेवायला बसताना एक ताट जास्तीचं मांडायचं. भिवराबाई तसंच करत होती. गाव कुजबुजत होतं, पण तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं.

सुंदररावांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. गाढवाला गुळाची चव काय, असं मी पहिल्या दिवशी मनाशी म्हणालो. पण माणूस हौशी. येईल त्याला सदरेवर बसवायचं, मला मांडीवर घ्यायचं आणि फोटो दाखवायचा. "ह्यो सायेब. ह्यो मी, मागं, सावलीत. आन् ह्यो आपला शहादेव." माझी बाकीची पानं कुणी उघडून बघितली नाहीत. शिकारीच्या इतक्या गोष्टी माझ्या पोटात, आणि लोक बघायचे काय, तर एक मासा आणि तीन माणसं.

बातमी भोईआळीत गेली. भिवराबाई आली. बरोबर तिचा धाकटा दीर गहिनीनाथ होता. भावाच्या मागे आता तोच डोहात जाळं टाकत होता.

ती सदरेच्या खालच्या पायरीवर बसली. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. सुंदररावांनी मला तिच्यासमोर उघडं धरलं. मग तिने एक बोट पुढे केलं आणि शहादेवच्या खांद्यावर टेकवलं. नुकतीच नदीवरून आलेली बाई, केस ओले होते. एक थेंब त्या पानावर पडला. तो डाग अजून आहे.

गहिनीनाथ तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. एकदम मागे सरकला.

"वैनी," तो म्हणाला, "दादाची करंगळी कंच्या हाताची गेलती?"

"डाव्या. जाळ्याच्या दोरात."

"मंग हितं उजव्या हाताची कावून न्हाई?"

सगळे वाकले. खरंच, वेळू धरलेल्या हाताला करंगळी नव्हती, आणि तो हात उजवा होता. बंडीचे बंददेखील भलत्या अंगाला होते. माणूस तोच, नाक तेच, उभं राहायची ढब तीच, पण सगळा फिरवून ठेवल्यासारखा.

गावातले म्हातारे आप्पा तिथेच भिंतीला टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, "मेल्याचं समदं उलटंच आस्तंय. भुताचे पाय उलटे, सराद घालताना जानवं उलटं, चितेभवती फेरी उलटी. शहादेवनं खूण धाडली, बाबांनो."

आणि गहिनीनाथ रडायला लागला. चांगला धिप्पाड गडी, पण लहान पोरासारखा रडला. "मी कुनाला बोललो न्हाई," तो म्हणाला, "पर डोहात जाळं टाकलं की जड लागतंय. लई जड. मानूस आल्यावानी. वर वडावं तर कायबी न्हाई, नुसतं पानी. दादा सुटाया बगतोय, वैनी. त्याला आग्नी द्या."

मला त्या वेळी पहिल्यांदा भीती वाटली. मी कागदाचा, शाईचा. मला कशाची भीती? पण त्याने जाळ्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते पान माझ्यात जड झालं. खोटं सांगत नाही.

भिवराबाई मात्र डगमगली नाही. तिने मला जवळ ओढलं. "ह्यो सायेब बगा," ती म्हणाली. "मी त्याच्या नदीवरल्या छावनीत मासे साफ केलेत. त्यो गळ टाकायचा उजव्या हातानं, काठी धरायचा उजव्या हातात. हितं डाव्या हातात हाय. म्हंजी सायेब बी उलटाच हाय. मंग सायेब बी मेला का?"

सदर हसली. साहेबाची चिठ्ठी तर माझ्याबरोबरच आली होती, 'बोटीने निघतोय, प्रकृती उत्तम' अशी. तालुक्याच्या कारकुनाने ती वाचून दाखवली होती. सुंदरराव म्हणाले, "बाई बोलती ते खरं हाय, आप्पा. बारा वर्सं म्हंजी बारा वर्सं." मंडळी उठली. भिवराबाई कुंकवासकट घरी गेली, आणि मला वाटलं, सुटलो.

दिवाळीच्या आधी तहसिलीचा पेशकार गावात आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "विल्मट साहेबांचं कळलं का? बोटीवरच गेले. ताप आला आणि मायदेश दिसायच्या आत गेले. समुद्रातच सोडलं त्यांना."

पेशकाराला कळेना की सगळी सदर एकाएकी माझ्याकडे का बघायला लागली. सुंदररावांनी कपबशी खाली ठेवली. साहेबालाही पाण्यातच सोडलं होतं.

आता भिवराबाईचं बोलणं तिच्यावरच उलटलं. तिनेच म्हटलं होतं ना, साहेबही उलटा आहे? मग साहेब मेला की नाही? आप्पांना दुसरा पुरावा नको होता, गावालाही नको होता. पंच सदरेवर बसले, मध्ये सुंदरराव. मी त्यांच्यापुढे उघडा होतो. बारा वर्षांची गरज नाही, खूण पटली, असं ठरलं.

भिवराबाईला विचारलं, "तुजं काय म्हननं हाय?"

ती माझ्याकडेच बघत होती. शहादेवकडे नव्हे. तिची नजर फोटोच्या मागच्या कोपऱ्यात, बाभळीच्या सावलीत गेली. तिथून उठली ती सुंदररावांच्या तोंडाकडे गेली आणि तिथे थांबली. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता ही काही बोलणार. पण तिने पदर तोंडावर घेतला आणि मान खाली घातली.

पुढचं मी पाहिलं नाही, गढीतल्या बायकांकडून ऐकलं. गंगेच्या वाळूत पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला शहादेवचं जुनं धोतर नेसवलं आणि पेटवला. तिच्या बांगड्या तिथेच फुटल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. संध्याकाळ व्हायला आली तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. त्यावर आप्पांनी काय अर्थ लावला ते कळलं नाही, कारण त्या दिवशी आप्पा फारसं बोलले नाहीत म्हणे.

नंतर भिवराबाई गढीत दळायला यायला लागली. पहिल्याच दिवशी तिने सुंदररावांच्या पत्नीच्या, सरस्वतीबाईंच्या हातात एक वस्तू दिली. तिची फणेरपेटी. झाकणाला आरसा, आत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि फणी. लग्नात सरस्वतीबाईंनीच तिला दिली होती.

"ही हितंच ठिवा, बाईसाहेब," ती म्हणाली. "घरात आसली की हात जातो."

सरस्वतीबाईंनी पेटी फडताळात ठेवली. त्याच फडताळात, माझ्या शेजारी. आम्ही दोघे लागून होतो, मी आणि तो आरसा. तो मिटलेला, मी मिटलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते उगाच नाही. पण आम्हाला कोण उघडणार?

माझी पाळी आधी आली. एक दिवस दुपारी सुंदररावांनी एकट्याने मला बाहेर काढलं. बहुधा साहेबाची आठवण आली असावी. फोटो उघडला आणि सवयीने स्वतःकडे बघून मिशीवर हात फिरवला. तो हात तिथेच थांबला. वर सरकत कानापाशी गेला. सुंदरराव उजव्या कानात भिकबाळी घालत. वाडवडिलांची, टपोऱ्या मोत्यांची. फोटोत, सावलीत, मोती बारीक चमकत होते. डाव्या कानात.

त्यांनी मला मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. इतक्या दिवसांत अख्ख्या गावाला त्यांनी तो फोटो दाखवला होता, 'ह्यो मी' म्हणून, आणि कानाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. तीन माणसं फोटोत. दोन पाण्यात गेली.

त्या दिवसापासून माणूस खचला. नदीकडे जाणं बंद. विहिरीत वाकून बघणं बंद. सकाळी उठले की आधी स्वतःचे पाय बघायचे, पुढे आहेत ना म्हणून. जेवताना मध्येच थांबून आपण कुठल्या हाताने जेवतोय ते निरखायचे. सरस्वतीबाईंनी लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलला. एकदा तर सुंदररावांनी मला गड्याच्या हाती देऊन सांगितलं, "गंगंत सोडून ये." गडी वेशीपर्यंत गेला असेल नसेल, तोच मागून ओरडत आले, "आन बे माघारी! त्यात मी हाय! बुडवलं तर मीच बुडीन!" जाळायचीही सोय नव्हती, कारण मग त्यांचाच दाह झाला असता. शेवटी मला लाल फडक्यात बांधलं आणि पुन्हा फडताळात कोंबलं, त्या फणेरपेटीला चिकटून. सुंदररावांनी अंथरूणच धरलं.

मी हसलो असतो, पण हसू येईना. फडक्याच्या आत, काळोखात, ते पान पुन्हा दमट व्हायला लागलं होतं. मला पाण्याचा आवाज यायचा. दोर ताणल्याचा, लाकूड करकरल्याचा. मी त्या माणसाला विचारायचो, शहादेवा, तू कुठे आहेस? आहेस की नाहीस? तो काही सांगत नसे. छापलेली माणसं बोलत नाहीत.

अशात एक दिवस गढीपुढे टांगा थांबला. हैदराबादेहून एक मीरसाहेब आले होते. पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा, बोलणं अदबीचं. एका नवाबसाहेबांचा कुतुबखाना ते सांभाळत. नवाबसाहेबांना शिकारीच्या पुस्तकांचा शौक, आणि शौक असा की पहिली आवृत्तीच पाहिजे.

"विल्मट साहेबांची किताब आमच्याकडे आहे," ते म्हणाले, "पण दुसरी आवृत्ती. साहेबांच्या मागे त्यांच्या भावाने काढलेली. पहिलीच्या फार थोड्या प्रती बाहेर गेल्या, बाकीच्या छापखान्याने परत घेतल्या. प्रस्तावनेत आपलं नाव वाचलं, देशमुखसाहब. म्हटलं, ज्यांच्या घरी साहेब उतरत, त्यांना एक प्रत नक्की पाठवली असेल."

"न्या," सुंदरराव पांघरुणातून म्हणाले. "पैसे नकोत. आत्ताच न्या."

"आधी बघू तर द्या. पहिलीच आहे कशावरून?"

सरस्वतीबाईंनी फडकं सोडून मला मीरसाहेबांच्या हातात दिलं. काय हात होते! इतक्या दिवसांनी मला पुस्तकासारखं कुणीतरी धरलं. त्यांनी आधी पाठीवरचा मासा बघितला. मग पहिलं पान, त्यावरचं साल. मग शेवटची पानं. दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी छापखान्याच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती आहेत, माझ्या शेवटी काही नाही. मान डोलावली, पण चेहरा खुलला नाही.

"ह्या खुणा फसव्या असतात," ते म्हणाले. "एका दलालाने आम्हाला दुसऱ्या आवृत्तीला पहिलीचं पहिलं पान डकवून दिलं होतं. साल खरवडता येतं, पान बदलता येतं. एकच खूण बदलता येत नाही." आणि त्यांनी फोटोचं पान उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पोरासारखे खूश झाले. "माशाअल्लाह! उलटी है! यही पहली!"

सुंदरराव अंथरुणात उठून बसले. चेहरा पांढरा पडला होता. "उलटी हाय हे तुमाला कसं म्हाईत?"

"सगळ्याच पहिल्या प्रती उलट्या आहेत. छापखान्याची चूक. काच उलटी लागली. साहेबांच्या भावाने ओळखलं, म्हणूनच तर परत घेतल्या. दुसरीत सरळ आहे."

"चूक?"

"चूक."

"पर सायेब तर मेला."

"बुखाराने मेले," मीरसाहेब शांतपणे म्हणाले. "बुखाराला तसबिरीशी काय घेणं? यकीन नसेल तर एक आरसा मागवा."

सरस्वतीबाईंनी आत हाक मारली. "भिवरे, फडताळात फणेरपेटी हाय, आन बरं."

जातं थांबलं. भिवराबाई पेटी घेऊन आली. पिठाने हात पांढरे झालेले. पेटी तिचीच, पण तिने ती परक्याची असावी तशी लांब धरली होती. मीरसाहेबांनी झाकण उघडलं आणि आरसा माझ्यासमोर, त्या पानाशी धरला.

सुंदरराव आरशात वाकले. बाभळीची सावली, फेटा, मिशा. आणि कान. उजवा कान, भिकबाळी. जिथल्या तिथे.

ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "चूक!" ते ओरडले. "छापखान्याची चूक! मी हाय! अहो, मी जिता हाय! पेढे आना रे कुनीतरी!" त्यांनी मीरसाहेबांचे हात धरले, सरस्वतीबाईंकडे बघितलं, गड्याच्या पाठीत थाप मारली. इतका आनंद मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

भिवराबाई उंबऱ्याशी उभी होती. "मालक," ती म्हणाली, "मला बी दावा."

ती खाली बसली. मीरसाहेबांनी आरसा तिच्याकडे वळवला. शहादेव आरशात सरळ उभा होता. बंडीचे बंद जागेवर, वेळू धरलेला हात डावा, आणि डाव्या हाताला करंगळी नव्हती. जसा तो त्या सकाळी घरातून निघाला होता, अगदी तसा. ती बघत राहिली. मग आरसा किंचित हलला आणि त्यात तिचं स्वतःचं तोंड आलं. मोकळं कपाळ.

"धनी हायेत तसेच हायेत," ती म्हणाली. "उलटं तर मला केलं तुमी."

पेढे आणायला निघालेला गडी दारातच थांबला.

सुंदरराव चाचरत म्हणाले, "भिवराबाई, आमाला तरी काय ठावं... तू बी तवा बोलली न्हाईस."

"बोलनार व्हते," ती म्हणाली. "मला तवाच दिसलं व्हतं, मालक, तुमची बाळी डाव्या कानात हाय म्हनून. बोट दावून म्हनले आसते, मालक बी उलटेच हायेत, आन् मालक तर हितं बसलेत जिते. माजं कुकू वाचलं आसतं. पर एकदा सायबाचं नाव काडलं आन् सायेब गेला. पुन्यांदा तोंड उघडाया जीव धजला न्हाई. म्हनलं, बाईसाहेबांचं कपाळ कावून उघडं करावं?"

सुंदरराव जमिनीकडे बघत होते. जी बाई त्यांच्या जिवासाठी गप्प राहिली, तिच्या बांगड्या त्यांच्या शब्दावर फुटल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी. चूक लंडनच्या छापखान्याची, आणि सुळी गंगेकाठच्या भोयणीला.

"आता काय करनार," ते पुटपुटले. "दहावा झाला. पिंड दिला. गाव काय म्हनंल?"

तेव्हा सरस्वतीबाई पुढे आल्या. गावात त्यांचा आवाज कधी सदरेपर्यंत ऐकू गेला नव्हता. त्यांनी मीरसाहेबांच्या हातून पेटी घेतली, खाली बसल्या आणि ती भिवराबाईपुढे धरली.

"अहो, तुमाला ती चूक, आन् तिला ती खूण?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चूक आसंल तर दोघांचीबी चूक. लाव गं."

मेण वाळून खडखडीत झालं होतं. भिवराबाईने ते बोटाने घासून घासून मऊ केलं, कपाळाला लावलं, वर कुंकू टेकवलं. आरशात बघून कडा सारखी केली.

"बारा वर्सं भरू द्या," ती उठत म्हणाली. "पुडं गंगंची मर्जी." आणि दळण अर्धं राहिलं होतं, म्हणून आत गेली. जातं पुन्हा सुरू झालं.

मीरसाहेब मला घेऊन निघाले तेव्हा सुंदरराव वेशीपर्यंत आले. टांगा गंगेच्या कडेने गेला. डोहात एक माणूस जाळं ओढत होता, गहिनीनाथच असावा. जाळं जड लागत असावं, कारण तो बराच वेळ वाकून होता. वर काय आलं ते बघायच्या आत वळण आलं.

त्यानंतर मी ते गाव पाहिलं नाही. भिवराबाईचं गावाने कितपत चालू दिलं, ते कळायला इथे कुणी नाही. ह्या पावसाळ्यात बारा वर्षं भरतात. पान यंदा जास्तच ओलं आहे. त्याची कड आता वर वळायला लागली आहे, आतून कुणीतरी ढकलावी तशी. कधी कधी वाटतं, ह्या चुकीच्या बाजूच्या काठावर उभा राहून तो दुसऱ्या काठाकडे बघतोय, आणि त्याला पलीकडे जायला उतार सापडत नाहीये. मला त्याची फार दया येते, आणि भीतीही वाटते.

लोक येतात, उलटा फोटो बघून माझी किंमत करतात. चुकीमुळे मी अनमोल झालो म्हणे. करा बापहो, खुशाल करा. पण कधी तुमच्यापैकी कुणी त्या पानाशी आलात, तर माझं एवढं ऐका. खाली 'एक नावाडी' लिहिलंय, ते वाचू नका. त्याचं नाव शहादेव आहे, ते एकदा मोठ्याने म्हणा. आणि येताना खिशात एक छोटा आरसा घेऊन या. तो पानासमोर धरा, आपलं तोंड त्यात येणार नाही अशा बेताने, आणि जरा वेळ हात हलवू नका. तेवढ्या वेळात तो सरळ होतो. तेवढ्या वेळात त्याला घरी जाता आलं तर बघू.